डालग्याखालची माहेरवाशीण

उमरखेडहून सुटलेली एसटी महागाव मागे टाकून आर्णीच्या वाटेला लागली, तेव्हा विमलताईंच्या मांडीवरच्या पिशवीतून एक तपकिरी मान बाहेर आली. शेजारच्या बाईच्या हातातल्या फुटाण्यांकडे तिनं असं टक लावून पाहिलं, की त्या बाईनं हसून एक फुटाणा तिच्यापुढे धरला.

"अंडे देते का हो?"

"देईन नं. माहेरची आहे," विमलताई म्हणाल्या. माहेर आणि अंडी यांचं नातं साऱ्या जगाला ठाऊक असल्यासारख्या.

कोंबडी गोकर्णानं दिली होती. गोकर्णा म्हणजे धाकटी भावजय. पैनगंगेकाठच्या त्या घरातून आधी माय गेली, मग बाप गेला, आणि भाऊ तर पहिल्यापासूनच मुका म्हणावा इतका कमी बोलायचा. माहेर नावाचं जे काही उरलं होतं ते गोकर्णाच्या आवाजात उरलं होतं. निघताना तिनं खुराड्यात हात घातला, चोळीच्या जुन्या पट्टीनं कोंबडीचे पाय बांधले आणि म्हणाली, "रित्या हातानं कोनी माहेरातून जाते काय, ताई? माही सगळ्यात गुणाची लेक देऊन राह्यली तुमाले."

बस हलत होती आणि विमलताईंच्या ओठांत ओवी हलत होती. त्यांचं तसंच होतं. कुणी पान खातं, कुणी जप करतं, विमलताई ओव्या जुळवत. जात्यावर बसणं सुटलं, पण तोंडाची सवय सुटली नाही.

माहेराच्या वाटे, बाभळीची गं सावली
भावजय माझी, दारी पुसाया धावली

कोंबडीनं डोळे मिटले. यवतमाळ यायला अजून बराच वेळ होता.

*

सावरखेड्याला त्यांच्या शेतात, कपाशीच्या वावराला लागून, कोंबड्यांचं शेड होतं. शेड विमलताईंच्या मुलाचं, नयनचं. पण आता त्याला सगळं गाव अर्पिताचं शेड म्हणे. अर्पिता त्यांची सून. यवतमाळच्या नोकरदार घरातली पोर, बाप कचेरीत, घरात पुस्तकांचं कपाट. ती कोंबड्यांत रमेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

ती आली तेव्हा नयन पिल्लांना पहिल्या दिवसापासून पाण्यातून औषध पाजायचा. आजार असो की नसो. भाजीत मीठ घालावं तसं. मग एका उन्हाळ्यात आजार खरंच आला आणि कुठलंच औषध लागू पडेना. डॉक्टरांनी सांगितलं, जंतूंना तुमच्या औषधाची सवय झाली आहे. अर्धं शेड रिकामं झालं. त्या रिकाम्या शेडात उभं राहून अर्पिता म्हणाली होती, "आजार आल्यावर औषध देऊ. यायच्या आधी औषध नाही. यायच्या आधी त्याची वाटच अडवू."

आणि तिनं वाट अडवायला घेतली. अंड्यातून निघालेल्या पिल्लांच्या पहिल्या पाण्यात ती दह्याच्या विरजणासारखी चांगल्या जंतूंची पावडर मिसळे. पोटातली जागा आधी भल्यांनी धरली की बुऱ्यांना बसायला पाट उरत नाही, असं ती सांगायची. दाण्यात लसूण, हळद, ओवा. खाली सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, तो रोज खालीवर करून कोरडा ठेवायचा. शेडच्या दाराशी चुन्याची रुंद रेघ. रेघेच्या आत आतली चप्पल, बाहेर बाहेरची. आणि बाहेरून आलेला कुठलाही पक्षी, कितीही देखणा असो, महिनाभर वेगळा.

गावानं आधी चेष्टा केली. शेजारच्या वावरातली नलू तर कुंपणावरून विचारायची, "काय व अर्पिता, आज तुह्या कोंबड्याइले वरण की कढी?" पण वर्ष गेलं, दुसरं गेलं, आणि पाण्यात औषध न घालता शेड भरलेलं राहिलं. यवतमाळहून माणसं गाडी घेऊन यायला लागली. बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी, 'बिनऔषधाची द्या' म्हणून. मग नलूनंही आपल्या परसातल्या कोंबड्यांना तीच कढी सुरू केली, आणि तिच्या मागून गावातल्या आणखी बायकांनी.

लसूण ठेचायचं काम विमलताईंचं. ते त्यांनी मागून घेतलं होतं. खलबत्त्याच्या ठेक्यावर ओवी आपोआप यायची.

लसूण सोलते, साल उडे वाऱ्यावरी
सुनेचं शहाणपण, माझ्या उंबऱ्यावरी

ऐकून अर्पिता लाजायची आणि म्हणायची, "आई, उंबऱ्यावर नको, आत येऊ द्या." दोघी हसायच्या. सासू-सुनेचं असं हसणं गावाला नवं होतं, आणि विमलताईंना ते गावाला ऐकू जायला हवं होतं.

*

त्या दिवशी बाहेरगावची धूळ पायावर घेऊन विमलताई थेट शेडकडे आल्या, आणि पिशवी पुढे धरली. चुन्याच्या रेघेपलीकडून अर्पितानं पाहिलं. तिचा चेहरा आधी खुलला, मग जरा थांबला.

"छान आहे हो आई. हिला आपण तिकडं बोरीखाली ठेवू. डालग्याखाली. महिनाभर."

विमलताईंना ते ऐकूच आलं नाही जणू. "माहेरची आहे ही," त्या म्हणाल्या.

"हो ना. पण नियम तर आहे ना."

"वाळीत टाकता काय व माह्या माहेराले?"

बाजेवर बसलेले सदाशिवराव, विमलताईंचे यजमान, खुदकन हसले. "टाकू दे वाळीत. तुह्या माहेराहून इतक्या वर्षांत तुह्याशिवाय जितं काही आलं नाई, जपून ठेव."

अर्पिता रेघ ओलांडून, चप्पल बदलून बाहेर आली. तिनं समजावून सांगितलं, तिच्या पद्धतीनं, आवाज न चढवता. कोंबडी तब्येतीनं चांगली दिसते, पण पोटात काय दडलंय ते तिलाही ठाऊक नसतं. कधीकाळी आजारातून वाचलेली असेल, तर स्वतः ठणठणीत राहून दुसऱ्यांना देत राहते. मग ती म्हणाली, "तिचं दाणापाणी तुम्हीच बघा, आई. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

बोरीखाली, वावराच्या टोकाला, बांबूचं मोठं डालगं पालथं घातलं गेलं. त्याखाली गोकर्णाची गुणाची लेक. विमलताई तिला तांदळाची कणी नेऊन द्यायच्या, आणि बांबूच्या फटीतून ती एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघायची. तो डोळा विमलताईंना सहन होईना. नवी नवरी होऊन या गावात आल्या तेव्हा त्याही अशाच एका खोलीत बसल्या होत्या, दाराच्या फटीतून अंगणातल्या बायकांचं हसणं ऐकत. पाहुणी म्हणून आणायची आणि अंगणाबाहेर जेवायला बसवायची, हे कुठल्या घरचं वळण? गोकर्णाला कळलं तर? 'कशी आहे माही लेक' म्हणून तिनं विचारलं तर काय सांगायचं, की तिच्या हातचं आम्ही पारखून घेतो?

दुपारी अर्पिता पक्षी पोचवायला यवतमाळला जाई. नयन वावरात. सदाशिवरावांचा बाजेवर डोळा लागलेला. शेडातल्या कोंबड्या दुपारी कडुनिंबाखालच्या जाळीच्या अंगणात मोकळ्या असत.

एका दुपारी विमलताईंनी डालगं उचललं.

थोडाच वेळ, त्या स्वतःला म्हणाल्या. माहेरवाशीण चार जणींत बसून येईल. कोंबडीला पदराखाली घेऊन त्यांनी जाळीचं दार उघडलं आणि तिला आत सोडलं. ती आधी बिचकली, मग पंख झाडले, आणि सगळ्यांबरोबर मातीत चोच घातली. दोघीतिघींनी तिला टोचून पाहिलं, नव्या सुनेला टोचतात तसं, आणि मग जागा करून दिली. ती त्यांच्या भांड्यातलं पाणी प्यायली. विमलताईंचे डोळे भरून आले. अर्पिताची गाडी फाट्यावर वाजायच्या आत ती परत डालग्याखाली होती.

मग ते रोजचंच झालं. दुपारची शाळा म्हणावी तसं. विमलताई चप्पल मात्र न चुकता बदलायच्या, कारण तो नियम अर्पिताचा होता आणि अर्पिताचे नियम त्या पाळत असत.

*

पहिली कोंबडी मान टाकून बसली, तेव्हा अर्पितानं ऊन म्हटलं. दुसरीचा तुरा पांढुरका पडला आणि बुडाशी हिरवट-पिवळी घाण चिकटली, तेव्हा तिनं काही म्हटलं नाही. त्या आजारी दोघींना वेगळं काढलं, कुटार बदललं, पाण्याची भांडी उकळत्या पाण्यानं घासली. सकाळी आणखी एक आडवी होती, पाय वर करून, जसं काही कुणी उलटं ठेवून दिलेलं.

विमलताई लसूण ठेचत होत्या. बत्ता हातातच राहिला.

त्यांना लगेच कळलं असं नाही. कळायला नको म्हणून त्यांनी मनातल्या मनात कितीतरी कारणं शोधली. ढगाळ हवा. नवा दाणा. नलूची मांजर. पण मन असं असतं, की ज्या दारावर पडदा टाकावा तिथूनच वारा येतो. दुपार झाली की बोरीखालून आवाज यायचा, 'कॉक, कॉक', शाळेची वेळ झाली म्हणून. विमलताईंनी त्या दिवसापासून डालगं उचललं नाही. आणि आपण का उचलत नाही, हे त्यांना जेव्हा स्वतःलाच विचारावं लागलं, तेव्हा त्या विहिरीवर जाऊन कितीतरी वेळ रहाटाला टेकून उभ्या राहिल्या.

माणसाच्या मयतीवरून आल्या असत्या तर त्यांनी दारातच आंघोळ केली असती. कुणाला शिवल्या नसत्या. एवढं साधं होतं. एवढंच अर्पिता सांगत होती.

त्या रहाटाशी एक ओवी आपणहून आली आणि अर्ध्यावर थांबली.

चुन्याची ती रेघ, ओलांडली माझ्या पायी

पुढली ओळ येईना. शोधू म्हटलं तरी येईना.

रात्रीच्या जेवणाला नयन पहिल्यांदा बोलला. आपण पाण्यात औषध घालूया, तो म्हणाला, पहिल्यासारखं. अर्पितानं मान हलवली: आधी डॉक्टरांना येऊ दे, काय आहे ते कळू दे, मग आजाऱ्यांना देऊ. नयन चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीनं म्हणाला, की दोन वर्षं तुझ्या मनासारखं केलं, आता हे शेड कंपनीला देऊ. पिल्लं त्यांची, दाणा त्यांचा, औषध त्यांचं, आपण फक्त राखायचं. गावातल्या बायका विचारायला लागल्या आहेत, त्यांनाही काय ते एकदा सांगून टाक.

अर्पितानं ताटातला घास परत ताटात ठेवला. "एकच कळत नाही," ती हळू म्हणाली, "आत आलं कुठून? रेघ आहे. चप्पल आहे. बाहेरचं काही आत आलंच नाही. मग माझ्या पद्धतीतच भोक असणार."

विमलताईंनी भाकरी मोडली. तोंड उघडलं. "मीठ देऊ का?" त्यांनी विचारलं.

*

डॉक्टर यवतमाळहून आल्या तो दिवस गावातल्या बायकांनी धरून ठेवला होता. नलू सगळ्यांत पुढे, कडेवर आपली एक झुरलेली कोंबडी घेऊन. अर्पितानं तिला कुंपणाबाहेरच ओरडून थांबवलं, कोंबडी घरी ठेवून यायला लावली, हातपाय धुवायला लावले. "एवढं सोवळं असून उपयोग काय झाला?" नलू म्हणाली, पण हात धुतले.

सगळ्या कडुनिंबाखाली सतरंजीवर बसल्या. बोलायचं काय ते ठरलेलंच होतं. बायकांनी आपली कढी बंद करायची की चालू ठेवायची? उद्यापासून पाण्यात औषध घालायचं की नाही? अर्पिता सांगेल तसं करायचं, हे अजूनही खरं होतं. फक्त अर्पिता काय सांगेल ते तिच्या उतरलेल्या चेहऱ्यावर आधीच दिसत होतं.

डॉक्टर जाळीजवळ बसल्या. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर, त्यात जांभळ्या पाण्याचा एक थेंब. फरशी अलगद हलवायची. थेंब नितळ राहिला तर बरं. दूध फाटावं तसे त्यात दाणे धरले, तर तिच्या पोटात हा जंतू आहे. बायका माना लांब करून बघत होत्या. थेंब फाटत होता. दुसरा नितळ. मग परत फाटत होता.

डॉक्टरांनी सांगितलं: औषध दिलं तर मरायच्या थांबतील, पण ज्यांच्या पोटात तो जाऊन बसलाय, त्यांच्या पोटातून तो जात नाही. त्या चांगल्या दिसतील, अंडी देतील, आणि अंड्यातून पिल्लाला देतील. म्हणून अशा ओळखून काढायच्या. मग त्यांनी विचारलं, "बाहेरून एखादा पक्षी आला होता का इतक्यात?"

"एक आलाय," अर्पिता म्हणाली. "पण तो आल्यापासून वेगळा आहे. तिकडं, बोरीखाली."

"त्याचंही बघून घेऊ."

"तिले कायले तरास?" विमलताई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "ती तं अंडे देऊन राह्यली. चांगली आहे ती."

डॉक्टरांनी अर्पिताकडे पाहिलं. आणि अर्पितानं जे केलं ते विमलताई पुढं कधी विसरणार नव्हत्या. तिनं सासूची बाजू घेतली.

"खरंच तिचा संबंध नसेल, मॅडम. आईंनी स्वतः सांभाळलंय तिला. त्यांच्या माहेरची कोंबडी, पण त्यांनी एक दिवस नियम मोडला नाही. मी सुद्धा इतकं पाळलं नसतं."

बायकांनी विमलताईंकडे पाहिलं. कौतुकानं पाहिलं. त्या कौतुकाचं ओझं असं होतं, की त्यांना सतरंजीच्या धाग्याकडे बघावं लागलं.

डॉक्टर बोरीखाली जाऊन आल्या. फरशीवर नवा थेंब. हलवायलाही लागलं नाही, दाणे असे धरले, की नलू म्हणाली, "बाप्पा, हे तं दहीच झालं."

बोरीखालून कोंबडी ओरडत होती, अंडं घातल्यावर ओरडतात तशी, साऱ्या गावाला सांगत.

"म्हणजे हिच्यातून आलं," डॉक्टर म्हणाल्या. "पण वेगळी होती म्हणता..."

"वेगळीच होती," अर्पिता म्हणाली. ती उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, शाळेत उत्तर चुकलेल्या मुलीसारखी. "मग अंतर पुरलं नाही. वाऱ्यानं आलं असेल, माशीनं आलं असेल. म्हणजे वेगळं ठेवून काही होत नाही. रेघ मारून काही होत नाही." तिनं बायकांकडे वळून पाहिलं. "मी तुम्हाला दोन वर्षं जे सांगितलं ते चुकीचं होतं. माझ्या भरवशावर राहू नका. नयन म्हणतात तसं, पाण्यात औषध घाला."

नलूनं कुंपणावरून केली असती अशी एकही थट्टा केली नाही. तेच वाईट होतं. कुणीतरी सुस्कारा सोडला. कुणी पदर झटकून उठायला लागली.

विमलताईंना वाटलं, आता हे असंच जाऊ दिलं तर जाईल. सगळ्या उठतील, घरी जातील, पाण्यात पुडी टाकतील. अर्पिता आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडेल. महिन्या दोन महिन्यांत सगळं विसरलं जाईल, आणि गोकर्णाचं नाव राहील, आणि आपलंही. कुणीही काही विचारत नव्हतं. आजवर एकदाही कुणी विचारलं नव्हतं. सुनेनं नियम केला, सासूनं पाळला, एवढं सगळं जग धरून चाललं होतं; आणि एक शहाणी पोर त्या धरून चालण्यावर आपलं सगळं शहाणपण मोडीत काढत होती.

"बसा व," त्या म्हणाल्या.

उठणाऱ्या बायका थांबल्या.

"रेघ नाई चुकली. मी आनत होती तिले. दुपारी."

अर्पिताला कळलं नाही. "कुठं आणत होत्या, आई?"

"इथं. ह्याइच्यात." त्यांनी जाळीकडे हात केला. "तू यवतमाळले गेली का मी डालगं उचलो. एकटी रायते म्हनून. माहेरची आहे म्हनून. तू घरी याच्या आत परत ठेवो. रोज." मग, जणू अजून काही उरलं होतं, तेही त्यांनी ओढून बाहेर काढलं. "पहिली मेली तवाच समजलं होतं मले. तवापासून चूप आहो."

हे शेवटचं वाक्य नसतं बोललं तरी चाललं असतं. ते कुणी मागितलं नव्हतं. पण ते आत ठेवून बाकीचं सांगणं म्हणजे परत डालग्याखाली काही झाकून ठेवणं झालं असतं.

डॉक्टर फरशी पुसू लागल्या. पुसून झाली तरी पुसत राहिल्या. सदाशिवराव बाजेवरून उठून वावराकडे चालायला लागले. नलूनं तोंडाला पदर लावला. अर्पिता मात्र सासूकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता तो येत नव्हता. दुसरंच काहीतरी येत होतं. दोन वर्षं जिच्याबरोबर हसलो ती बाई गेले कित्येक दिवस समोर बसून मीठ वाढत होती, हे ती हळूहळू, एकेक घास आठवत, समजून घेत होती.

"मी रोज विचारत होते, आई," ती एवढंच म्हणाली. "तुमच्यासमोर. आत आलं कुठून म्हणून."

विमलताईंनी मान खाली घातली.

मग अर्पितानं बायकांकडे वळून, कोरड्या आवाजात, काय करायचं ते सांगितलं. औषध फक्त आजाऱ्यांना, आणि डॉक्टर सांगतील तेच. बाकी सगळं पहिल्यासारखं. नवा पक्षी महिनाभर वेगळा. "वेगळा म्हणजे वेगळा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिथं जरासा फाटला.

*

रक्तात दाणे धरलेल्या कोंबड्या त्याच संध्याकाळी गेल्या. नयननं बांधाच्या पलीकडे खोल खड्डा खणला, चुना आणला. गोकर्णाची लेक सगळ्यांत शेवटी. विमलताईंनी तिला स्वतः डालग्याखालून काढलं आणि नयनच्या हातात दिलं. तिच्या पायाला अजून चोळीच्या पट्टीचा एक धागा अडकून होता. तिनं विमलताईंकडे एका डोळ्यानं पाहिलं, नेहमीसारखं, शाळेची वेळ झाली का म्हणून.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी अर्पिता त्यांच्याशी बोलली नाही. म्हणजे बोलली: पाणी तापलंय, दार लावा, ऊन आहे. हसली नाही. लसणाची टोपली तिनं स्वतःच उचलली आणि खलबत्त्यापाशी बसली. तिचा ठेका निराळा होता, तुटक. विमलताई स्वयंपाकघरात बसून तो ऐकत राहिल्या. आपल्याला ते काम कुणी परत दिलं नाही आणि आपण मागूही शकत नाही, हे त्यांना नीट कळत होतं.

दुपारी मात्र अर्पिता दारात आली आणि त्यांचा फोन त्यांच्यासमोर ठेवून गेली. ही कोंबडी जिथून आली तिथं आणखी होत्या. त्यांची अंडी, त्यांची पिल्लं, गोकर्णानं कुणाकुणाला दिलेल्या लेकी.

विमलताईंनी फोन हातात घेतला. गावासमोर बोलणं एक वेळ सोपं होतं. तिथं अर्पिताची लाज वाचवायची होती. इथं कुणाची लाज वाचवायची नव्हती, घालवायची होती. मायच्या माघारी जिनं कधी रित्या हातानं पाठवलं नाही, तिला सांगायचं, की तुझ्या हातानं आमच्या घरात मरण आलं.

गोकर्णानं पहिल्याच घंटीला उचललं. "ताई! मी आताच म्हनत होती यांना, ताईचा फोन नाई. कशी आहे माही लेक? अंडे देते का?"

"देत होती," विमलताई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. फाटलेला थेंब सांगितला, खड्डा सांगितला, दुपारचं डालगं सांगितलं. मध्ये थांबल्या की पलीकडून नदीचा वारा फोनमध्ये शिरायचा, तेवढाच. सगळं झाल्यावर गोकर्णा म्हणाली, इतक्या हळू की त्या आवाजात माहेर ओळखू येत नव्हतं, "म्हंजे आमच्याच घरचं निंगालं."

"तिच्या पोटात काय आहे तुले काय माहीत होतं, माय. तिलेही माहीत नव्हतं."

"गेल्या पावसात तीन-चार मेल्या होत्या आमच्या. म्या मनावर नाई घेतलं. दिली तं गुणाची म्हनून दिली, ताई."

"माईत आहे मले."

दोन घरांतल्या दोन बायका, एकमेकींची तोंडं दिसत नव्हती म्हणून बरं. मग गोकर्णानं विचारलं, आता काय करू. आणि विमलताई सांगायला लागल्या. ज्या गोष्टींना त्यांनी वाळीत टाकणं म्हटलं होतं त्याच, एकेक करून, अर्पिताच्या शब्दांत. आधी डॉक्टर बोलव, रक्त तपासू दे. त्याहीनं सांगतल्याबिगर पान्यात पुडी नको टाकू. कोनाले कोंबडी नको देऊ, अंडंही नको. दाराशी चुन्याची रेघ मार, चांगली रुंद. कुटार कोरडं ठेव. पिल्लाले पह्यलं पानी त्या पावडरचं, ती मी पाठवतो. बाहेरून कोनी दिली, मायनं दिली तरी, महिनाभर डालग्याखाली. डालगं उचलायचं नाही.

शेवटच्या शब्दाला त्या थांबल्या.

दाराशी अर्पिता उभी होती. कधी आली ते कळलं नव्हतं. हाताला लसणाचा वास, डोळे खाली, बोट चौकटीवर. ती आत आली नाही. बाहेरूनच, सासूकडे न बघता म्हणाली,

"चप्पलचं राहिलं, आई. तेही सांगा."

विमलताईंनी फोन पुन्हा कानाला लावला. "आन आयक, गोकर्णा," त्या म्हणाल्या, "चप्पल दोन ठेवजो. एक आतली, एक बाहेरची."